पाचोळ्यावरची पांढरी बुरशी: घाबरायचं कधी?

पावसाळा लागला की आमच्या लेडीज हॉस्टेलमध्ये दोन ठिकाणी बुरशी येते. एक म्हणजे पलंगाखालच्या चामड्याच्या चपलांवर, आणि दुसरी मेससमोरच्या बागेत, माळीमामांनी झाडांभोवती पसरलेल्या पाचोळ्यावर. चपलांबद्दल कोणी ब्र काढत नाही. बागेतली दिसली की मात्र लगेच "फिनेल ओता", "सगळं जाळून टाका" असे सल्ले सुरू!

मंडळी, जरा थांबा. या पाचोळ्याला मराठीत 'आच्छादन' म्हणतात (आम्ही कॉन्व्हेंटवाले 'मल्च' म्हणतो, मामा हसतात). वाळकी पानं, उसाचं पाचट, नारळाची सोडणं, लाकडाचा भुसा, काहीही चालतं. त्याने जमिनीतली ओल टिकते, तण कमी उगवतं आणि कुजून खत होतं. पण कुजवणार कोण? लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन तोडणं हे मुख्यतः बुरशीचंच काम. म्हणजे पाचोळ्याखाली पांढरे धागे दिसले तर काम चालू आहे एवढंच समजायचं. बुरशीनाशक मारून फारसा उपयोग नाही. धागे आत खोलवर असतात. फिनेलने तर मुळांचंच नुकसान.

कधीकधी रात्रीतून पिवळंधमक काहीतरी पसरतं, कोणी पिठलं सांडल्यासारखं. याचं नाव फुलिगो सेप्टिका. गंमत म्हणजे ही बुरशी नाहीच, हा 'स्लाइम मोल्ड', अमीबाच्या जवळचा. याच्याच एका नातेवाईकाला २०१० साली जपानी संशोधकांनी टोकियोभोवतालच्या शहरांच्या जागी ओटचे दाणे ठेवून वाढवलं, तर त्याने तिथल्या रेल्वेसारखंच जाळं विणलं! नेटवर्क्सचा पेपर लिहिणाऱ्यांनी त्याला नमस्कार करावा. झाडाला त्याचा त्रास नसतो. नको असेल तर ओलं असतानाच फावड्याने उचला. पाण्याचा फवारा मारू नका, बीजाणू सगळीकडे पसरतात.

आता घाबरायचं कुठे ते सांगते. रोपाच्या बुंध्याशी, मातीलगत पांढरे धागे आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले आणि रोप मलूल पडलं, तर ती स्क्लेरोशियमची मूळकूज. ते रोप भोवतालच्या मातीसकट काढून बागेबाहेर टाका, खताच्या खड्ड्यात नाही. दाणे मातीत कित्येक महिने तग धरतात.

दुसरी भीती छत्र्यांची. स्टाफ क्वार्टर्समधली लहान मुलं संध्याकाळी इथेच खेळतात, म्हणून हे खास त्यांच्या आईवडिलांसाठी. पांढरी टोपी, वर तपकिरी खवले, आणि जून झाल्यावर खालच्या पापुद्र्यांना हिरवट झाक, अशी एक जात हिरवळीवर उगवते. पोटात गेली तर भयंकर उलट्या-जुलाब होतात. शिजवल्याने विष जातंच असं नाही. दिसली की उपटून कचऱ्यात टाका, पावसानंतर पुन्हा उगवेल, पुन्हा उपटा. मुलाने खाल्लीच तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना, आणि उरलेला तुकडा कागदात गुंडाळून सोबत न्या.

तिसरी गोष्ट दम्याची. माझ्या रूममेटला दमा आहे. कोरडा, बुरसटलेला ढीग उपसताना जी धूळ उडते तिच्यात बीजाणूच असतात, म्हणून तिला त्या कामाला आम्ही येऊच देत नाही. बाकीच्यांनीही आधी थोडं पाणी शिंपडावं आणि तोंडाला मास्क लावावा. ढिगाला आंबूस किंवा अमोनियासारखा वास आला तर आत हवा जात नाहीये. तो पाचोळा दोन-चार दिवस पसरून ठेवा, मगच झाडांना घाला, नाहीतर पानं करपतात.

रोजचं काम एवढंच: थर दोन-तीन इंचांचा, बुंध्यापासून वीतभर लांब, पाणी सकाळी, आणि आठवड्यातून एकदा दाताळ्याने हलवायचं. दाताळं मेसच्या मागच्या दाराआड असतं. घेतलंत तर परत तिथेच ठेवा, मामा फार ओरडतात.