हवेली म्हणजे वाडा नव्हे

‘हवेली’ म्हटलं की पुणेकराला तालुका आठवतो आणि बाकीच्यांना वाडा. जबलपूरच्या जुन्या शेतकऱ्याला मात्र पाण्यानं तुडुंब भरलेलं शेत आठवतं. जबलपूर, नरसिंहपूर, दमोह भागातल्या काळ्या, सपाट जमिनीच्या पट्ट्याला हवेली म्हणतात. तिथल्या शेतीच्या रीतीलाही तेच नाव पडलं. हवामानबदलाच्या चर्चेत ‘पारंपरिक ज्ञान’ हे शब्द हल्ली सारखे कानावर येतात. 2015 च्या पॅरिस कराराच्या सातव्या कलमातही ते आहेत. त्या शब्दांभोवती जमलेले काही समज हवेलीच्या बांधावर तपासून पाहण्याजोगे आहेत.

गैरसमज : पावसाळाभर शेतात पाणी कोंडणं म्हणजे एक हंगाम वाया घालवणं.

जबलपूरला वर्षाला सुमारे 1300 मिलीमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. एवढ्या पावसात इथली चिकण काळी माती फुगते, पायाला आणि औताला चिकटते. खरिपाची मशागत जिकिरीची होते. म्हणून शेतकरी चहूकडून बांध घालून पावसाचं पाणी शेतातच अडवत. ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत ते तसंच उभं असे. पेरणी जवळ आली की पाणी सोडायचं, वाफसा आला की गहू-हरभरा पेरायचा. पुढे विहिरीचं एक पाणीही न देता पीक हाती येई, कारण मातीनं तीन-चार महिने पाणी पिऊन घेतलेलं असे. शेत हेच धरण! शिवाय बुडालेल्या जमिनीत तण गुदमरून जाई. कांस हे इथलं चिवट गवत, पण साचलेल्या पाण्यापुढे त्याचंही फारसं चालत नसे. (देशाचं तण संशोधन संचालनालय आज जबलपुरातच आहे, हा योगायोग मला गमतीचा वाटतो.)

या सगळ्यात बांधापेक्षा अवघड गोष्ट होती पाणी सोडण्याची. वरच्या शेतातलं पाणी खालच्याच्या शेतातून, मग त्याच्याही खालच्याच्या शेतातून नाल्याला मिळणार. कुणी कधी बांध फोडायचा हे शेजाऱ्यांनी आपसांत ठरवायचं. हवेलीचं खरं ज्ञान मला त्या ठरवण्यात दिसतं.

गैरसमज : पारंपरिक ज्ञान म्हणजे आदिवासींचं ज्ञान.

हवेली ही मैदानातल्या गहू पिकवणाऱ्यांची रीत. पलीकडे दिंडोरीच्या डोंगरात बैगा लोक कोदो-कुटकी ही भरडधान्यं पिकवतात, ते ज्ञान वेगळं, जमीनही वेगळी. तलावांचं ज्ञानही एकाच समाजाचं नाही. जबलपूरच्या तलावांमागे गढ्याचे गोंड राजे होते. संग्रामसागर संग्रामशाहांचा, रानीताल राणी दुर्गावतींचा आणि अधारताल त्यांचे दिवाण अधारसिंह कायस्थ यांचा म्हणून सांगतात. आपल्या भंडारा-गोंदियातले मालगुजारी तलाव कोहळी समाजाच्या हातचे, हे विदर्भातल्या वाचकाला सांगायला नकोच.

गैरसमज : ही रीत अशास्त्रीय होती, म्हणून मागे पडली.

तिला मागे सारलं ते सोयाबीननं आणि नलिकाविहिरीनं. 1964 साली जबलपुरात कृषी विद्यापीठ सुरू झालं आणि मध्य प्रदेशात सोयाबीन रुजवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. सोयाबीन खरिपातलं, त्याला साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. एकदा पावसाळ्यात नगदी पीक मिळू लागल्यावर रान चार महिने बुडवून ठेवायला कोण तयार होईल? गव्हाची तहान भागवायला जमिनीखालचं पाणी उपसता येऊ लागलं होतंच. शेतकऱ्याचा हिशेब चुकला असं मी म्हणणार नाही. पण जी शेतं पाणी मुरवायची, तीच आता जमिनीखालचं पाणी ओढू लागली.

गैरसमज : जुनं ते सगळं निर्धोक, आणि कुठेही चालणारं.

ऑक्टोबर 2024 मध्ये जबलपूरच्या ईशान्येला बांधवगढच्या जंगलात दहा हत्ती मेले. तपासणीत त्यांच्या शरीरात सायक्लोपियाझोनिक ॲसिड सापडलं. बुरशी लागलेल्या कोदोत हे विष तयार होतं. कोदो कमी पाण्यात तग धरतो, म्हणून आज त्याचं कौतुक चाललंय आणि ते योग्यच आहे. मात्र ओल लागलेला कोदो खाल्ल्यावर गुंगी येते, हेही कोदो खाणाऱ्या गावांना पूर्वीपासून ठाऊक आहे. बियाणं उचलून हा इशारा मागे ठेवला तर ज्ञान अर्धंच हाती लागतं.

हवेलीचंही तसंच. तिला काळी, ओल धरून ठेवणारी माती हवी. मुरमाड उतारावर तिचा उपयोग नाही. ऐन पावसाळ्यात मोठी उघडीप पडली तर शेत भरणार कसं, हा प्रश्न आहेच. आणि एकट्या शेतकऱ्यानं ती पुन्हा सुरू करायची म्हटली, तर वरचा शेजारी सोयाबीनवाला असला की तो भर पावसात आपलं पाणी खाली ढकलणार, खालच्या सोयाबीनवाल्याला याचा ओलावा नकोसा होणार.

जबलपूर भागात अलीकडे खरिपात धान वाढलं आहे. धानाला बांध लागतो आणि उभं पाणीही चालतं. पण धान कापेपर्यंत ऑक्टोबर संपत येतो, गव्हाची पेरणी लांबते, आणि मग नलिकाविहिरीचा पंप सुरू करावाच लागतो.