प्रश्न जुनेच, खिडकी नवी

यवतहून पुण्याला शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांचा बराच वेळ दौंड-पुणे मार्गावरच्या गाडीत जातो आणि त्यातला मोठा हिस्सा हातातल्या पडद्यावर खर्च होतो. त्या पडद्यावर लैंगिक विषयाचे काय काय येऊन आदळते, याची वडीलधाऱ्यांना साधारण कल्पना आहे. घरात मात्र त्याविषयी अवाक्षर निघत नाही. अश्लीलता बोटाशी आणि शास्त्रीय माहिती दुष्प्राप्य, अशी ही विपरीत स्थिती आहे. विद्यापीठांनी हे शिक्षण त्याच पडद्यावरून, मराठीत आणि पद्धतशीर द्यावे, असे कोणी सुचवले की अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात.

वास्तविक महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कार्यापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. वाचकांनी पत्राने शंका विचाराव्यात आणि संपादकाने आडपडदा न ठेवता उत्तर द्यावे, हा त्या मासिकाचा प्रघात होता. या उत्तरांवरूनच 1934 साली खटला उभा राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली. तरीही दंड झालाच. समोरासमोर जे विचारता येत नाही ते दुरून विचारण्याची ती सोय होती. आजचे दूरस्थ शिक्षण त्याच सोयीचा विस्तार आहे, फक्त टपालाची वाट पाहावी लागत नाही. कर्व्यांच्याच या राज्यात 2007 साली शाळांतील लैंगिक शिक्षणाला बंदी घातली गेली, हा दैवदुर्विलास म्हणायचा!

अज्ञान किती खोल आहे, हे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसते. देशात एचआयव्हीविषयी सर्वंकष ज्ञान असलेल्या स्त्रिया सुमारे 22 टक्के आणि पुरुष सुमारे 31 टक्के आढळले. महाविद्यालयीन मुलांना तर कायदाही ठाऊक असावा लागतो. प्रथम वर्षात पुष्कळजण सतरा वर्षांचे असतात आणि 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती ग्राह्य धरली जात नाही. गर्भपाताच्या कायद्यात अविवाहित स्त्रीलाही विवाहितेइतकाच अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केले. एचआयव्हीचा संसर्ग झाल्याचा संशय असल्यास प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावे लागते. लाजेत दोन दिवस गेले, तर उरतो एकच.

गावात ही लाज अधिक जाचक होते. औषधाच्या दुकानदाराची वडिलांशी ओळख असते, दवाखान्याच्या बाकावर शेजारच्या काकू भेटतात. नाव न सांगता प्रश्न विचारण्याची मुभा शहरातल्या मुलापेक्षा यवतच्या मुलीला अधिक हवी असते. परंतु पुष्कळ घरांत तिचा फोन भाऊही हाताळतो, याचा विचार असे पाठ तयार करणाऱ्यांनी करायला हवा. हजेरी क्रमांक घालूनच पाठ उघडणार असेल, तर ती तो उघडणारच नाही.

दुसरा धोका आपल्या सवयीचा आहे. दोन व्याख्याने मुद्रित करायची, संकेतस्थळावर टाकायची आणि कार्य सिद्धीस गेले असा अहवाल धाडायचा! तसे झाले तर काहीच साधणार नाही. प्रश्नाला माणसाने उत्तर द्यायला हवे. प्रशिक्षित डॉक्टर वा समुपदेशकाने, आणि तेही ठरावीक मुदतीत. भाषाही बोलण्यातली हवी. संस्कृतप्रचुर परिभाषेआड दडलेले अवयव विद्यार्थ्याला ओळखू येत नाहीत आणि शिक्षकाला मात्र आपण सांगितल्याचे समाधान मिळते.

उत्तर तेथेच संपू नये. तपासणी लागणार असेल, तर सरकारी रुग्णालयातील एचआयव्ही चाचणी मोफत होते, 2017 च्या कायद्याने तिच्यात गोपनीयता आणि संमती बंधनकारक आहे, 1097 या क्रमांकावर विनाशुल्क विचारता येते, हे त्याच उत्तरात यावे. जवळचे केंद्र कोठे आहे आणि ते किती वाजता उघडते, हेही. पुण्याहून शेवटच्या गाडीने परतणाऱ्या मुलाला ती वेळ आधी कळायला हवी.