किनाऱ्याला निधी आला, पण झाडू कोण मारणार?

तुमच्या गावाला समुद्र असेल तर हे चित्र तुम्ही पाहिलेच असेल. पुळणीच्या तोंडाशी कोनशिला, पुढे पेव्हर ब्लॉकची वाट, चार बाकडी आणि एक स्वच्छतागृह. स्वच्छतागृहाला कुलूप. विचारावे तर एक सांगतो, ‘पंपाचं बिल थकलंय’; दुसरा म्हणतो, ‘चावी कुणाकडं हाय, म्हायत नाय.’ खाऱ्या वाऱ्याने कठड्याचे लोखंड तोवर पोखरलेले असते.

निधी येत नाही, ही आपली जुनी तक्रार. ती आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. गावाला ‘क’ वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा मिळाला की जिल्हा नियोजन समितीकडून कामे मंजूर होतात. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या पैशातला 60 टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बांधून ठेवला होता. उरलेला 40 टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा, पण त्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च करायचा नाही, अशी अट. म्हणजे बाकडे बसवता येते. ते रोज पुसणाऱ्या माणसाची मजुरी मात्र गावाने आपल्या घरपट्टीतून काढायची. खरी मेख इथे आहे.

ऑक्टोबर 2025 मध्ये आपल्या राज्यातल्या पाच किनाऱ्यांना ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळाले: गुहागर, लाडघर, श्रीवर्धन, नागाव आणि डहाणूचा पारनाका. अभिमानाचीच गोष्ट. पण हा झेंडा कायमचा नसतो, एका हंगामापुरता असतो. पाण्याची तपासणी, कचरा, जीवरक्षक, स्वच्छतागृहे अशा 33 निकषांवर पुढच्या वेळी पुन्हा उतरावे लागते. उद्‌घाटनाचा फोटो तिथे चालत नाही.

आणि सुधारणा म्हणजे सिमेंटच का, हेही विचारायला हवे. पुळणीवरची मर्यादवेल आणि मागचे सुरूबन वाळू धरून ठेवतात, वारा अडवतात. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात दिवेआगर-श्रीवर्धनकडे नारळी-पोफळीच्या बागा कशा आडव्या झाल्या, ते अजून कुणी विसरलेले नाही. झाडे पुन्हा लावणे आणि ती जगवणे हाही विकासच, पण त्याची कोनशिला बसवता येत नाही ना!

वेळासला 2006 पासून कासव महोत्सव होतो. माणसे येतात ती पिल्ले समुद्रात जाताना पाहायला, राहतात गावकऱ्यांच्या घरात, जेवतात त्यांच्याच पंगतीला. पैसा सरळ चुलीपर्यंत पोचतो. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गटाने होडीतून कांदळवनाची सफर सुरू केली. दोन्हीकडे मोठे बांधकाम नाही. जे दाखवायचे ते राखले, म्हणून ते चालले. पोटापाण्याचा संबंध जोडला गेला की राखणदार वेगळा नेमावा लागत नाही.

तुमच्या गावात काय करता येईल? 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमात यात्राकराची तरतूद आहे. गाडीतळाची फी घेता येते. तो पैसा पुळणीच्या सफाईसाठी वेगळा ठेवा आणि त्याचा हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. ‘पर्यटक पळतील’ अशी भीती काहीजण घालतात. गाडी लावायला थोडे पैसे मोजणारा माणूस पळत नाही. कुलूपबंद मोरी बघून मात्र बायकापोरांना घेऊन आलेला नक्की पळतो.

ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला हव्यात. पुढची चुकवू नका. किनाऱ्याच्या कामाचे अंदाजपत्रक ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (म्हणजे आपले कालपरवाचे ग्रामसेवक भाऊसाहेब) मागा आणि त्यात देखभालीची तरतूद कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा. नसेल, तर कामाच्या ठरावाआधी तेवढी ओळ इतिवृत्तात लिहून घ्या.