ध्वनिमुद्रणातील संकोचन आणि बोलीचा पुरावा

रायगडच्या किनाऱ्यावर कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लई हे गाव वसले आहे. पोर्तुगीजांची सत्ता येथून १७४० साली उठली. परंतु त्यांच्या काळात उदयास आलेली पोर्तुगीजोद्भव मिश्रबोली तेथील ख्रिस्ती समाजात आजही बोलली जाते. बोलणारे तिला ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, असे म्हणतात. पोर्तुगीजमध्ये शब्दातील आघाताचे स्थान अर्थभेदक ठरू शकते. मराठीत तसे होत नाही. तेव्हा मराठीच्या दीर्घ सहवासात या बोलीतील आघाताचे स्वरूप काय राहिले, हा प्रश्न अभ्यासकापुढे साहजिकच उभा राहतो. आघात ओळखण्याची प्रमुख गमके तीन: स्वराची उंची, त्याचे दीर्घत्व आणि त्याची तीव्रता. यांपैकी तिसरे गमक ध्वनिमुद्रणाच्या वेळी नकळत पुसले जाण्याचा संभव असतो.

मायक्रोफोनमधून निघणारा विद्युत्संकेत अत्यंत क्षीण, बहुधा काही सहस्रांश व्होल्ट इतकाच असतो. त्यास मुद्रणयोग्य बळ देणारे उपकरण म्हणजे प्रीअँप्लिफायर होय. स्टुडिओतील काही प्रीअँप्लिफायरांत कॉम्प्रेसर व लिमिटर ही दोन मंडले अंगभूतच असतात. ठरावीक मर्यादेपलीकडील संकेताची वाढ कॉम्प्रेसर विशिष्ट प्रमाणात कमी करतो. लिमिटर ती जवळजवळ थांबवितो. प्रसारणास ही योजना उपकारक आहे. निवेदकाचा आवाज सम राहतो व हळू उच्चारलेले शब्दही श्रोत्यापर्यंत पोहोचतात.

भाषावैज्ञानिकाच्या दृष्टीने मात्र हा समपणाच दोष ठरतो. मर्यादा उणे २० डेसिबेलवर व प्रमाण ४:१ आहे असे धरू. एका शब्दातील एक स्वर उणे २० वर आणि दुसरा उणे १२ वर असल्यास त्यांत ८ डेसिबेलांचे अंतर असते. मंडलाची क्रिया पुरेशी जलद असल्यास ते २ डेसिबेलच उरते. पुढे आलेख पाहणारा संशोधक या बोलीत तीव्रतेचा भेद नगण्य आहे असा निष्कर्ष काढील; वस्तुतः तो भेद बोलीने नव्हे, यंत्राने पुसलेला असेल.

शिवाय ही क्रिया तत्क्षणी घडत नाही. ती सुरू होण्यास काही सहस्रांश सेकंद लागू शकतात आणि ओसरण्यास बहुधा त्याहून पुष्कळ अधिक. त्यामुळे स्पर्शव्यंजनाचा क्षणिक स्फोट निसटतो, त्यामागून येणारा स्वर दबतो, आणि दोहोंचे परस्परप्रमाण बिघडते. वक्ता थांबताच प्रवर्धन पूर्ववत होऊन समुद्राची गाज व माडांची सळसळ तुलनेने वर येते.

२४ बिटांच्या मुद्रणास तत्त्वतः सुमारे १४४ डेसिबेलांचा अवकाश लाभतो. म्हणून कॉम्प्रेसर बंद ठेवून, बोलण्यातील उच्चतम बिंदू कमाल पातळीच्या सुमारे १२ डेसिबेल खाली राहतील इतकेच प्रवर्धन ठेवणे श्रेयस्कर होय. एखादा वृद्ध कोळी हकीकत सांगता सांगता होडीवरची हाक तशीच्या तशी घालून दाखवितो. अशा प्रसंगी संकेताचा माथा छाटला जाऊ नये म्हणून लिमिटर कमाल पातळीच्या अगदी निकट लावावा, आणि तो जेथे कार्यान्वित झाला ती स्थळे नोंदपत्रात लिहावीत. सोय असल्यास दुसऱ्या मार्गिकेवर तोच आवाज कमी पातळीने मुद्रित करणे अधिक सुरक्षित.

श्रवणसुलभतेसाठी प्रतीचे संकोचन पुढे केव्हाही करता येते. मूळ मुद्रणातच झालेले संकोचन मात्र विश्वसनीयपणे उलटविता येत नाही, आणि तो वक्ता पुन्हा बोलावयास लाभेलच असेही नाही.