खिशातली कणगी

दसरा झाला की आमच्या घरी आवराआवरीला सुरुवात होते. माळ्यावरचे पेटारे खाली उतरतात, त्यांतल्या वस्तू उन्हात मांडल्या जातात, त्यांतले काय टाकायचे यावर दिवसभर वाद होतो आणि संध्याकाळी जवळजवळ सगळेच पुन्हा माळ्यावर जाते. पितळेचा ठोक्याचा गडू टाकवत नाही आणि मोडकी आरामखुर्चीही टाकवत नाही. वाचकांपैकी पुष्कळांचा अनुभव याहून वेगळा नसावा.

२०२३ सालच्या दिवाळीत मला असे कळून आले की, घरासारखाच माझा लॅपटॉपही गच्च भरला आहे. यंत्राने तांबडी पट्टी दाखवून जागा संपल्याचे कळवले. नवा कागद लिहून ठेवायचा तर जुना पुसल्यावाचून गत्यंतर नव्हते. आता एका मराठीच्या प्राध्यापकाजवळ असे असणार तरी काय? टिपणे, प्रश्नपत्रिका, चार लेख! ज्ञानेश्वरीच्या सुमारे ९ हजार ओव्या संगणकावर उतरवल्या, तर त्या दोन-तीन मेगाबाइटांत मावतात. देवनागरीच्या एकेका चिन्हाला साधारणपणे तीन बाइट लागतात हे धरूनसुद्धा! हल्लीच्या फोनवर काढलेला एक फोटोच तेवढी जागा घेतो. तेव्हा अक्षरांनी माझे घर भरलेले नव्हते, ते भरले होते चित्रांनी आणि आवाजांनी. २०२० व २०२१ या टाळेबंदीच्या वर्षांत घेतलेल्या तासांची चित्रमुद्रणे, भाचीच्या लग्नाची तीन तासांची फिल्म, सहलींचे हजारो फोटो आणि आईच्या ओव्या.

या ओव्यांविषयी दोन शब्द सांगायला हवेत. माझ्या आईला जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येत. तिच्या आईबरोबर दळता दळता शिकलेल्या. २०१६ पासून तीन वर्षे, सुटीत घरी गेलो की मी तिला म्हणायला लावी आणि फोनवर मुद्रित करून घेई. अशी चाळीस मुद्रणे जमली. २०२१ मध्ये आई गेली. त्यानंतर ती फाइल उघडायचा धीर मला फारसा झाला नाही, पण ती आहे, एवढा दिलासा होता.

दुकानातली शिकवणी

आमच्या गावात माझाच एक जुना विद्यार्थी संगणकाचे दुकान चालवतो. त्याच्याकडे लॅपटॉप घेऊन गेलो. यंत्र उघडून त्याने आत पाहिले आणि मान हलवली. "सर, ह्यातली मेमरी मूळ पाटीवरच डाखलेली आहे. बदलता येणार नाही. बाहेरून एसएसडी लावा."

काही लॅपटॉपांत आतला साठा काढून मोठा बसवता येतो; पण हल्लीच्या पुष्कळ सडपातळ यंत्रांत ती सोय नसते. मग बाहेरची जागा शोधावी लागते. आकाशातल्या कोठारात, म्हणजे क्लाउडवर, वस्तू ठेवता येतात. पण तिथे दरमहा किंवा दरसाल भाडे द्यावे लागते आणि इंटरनेट नसेल तर आपल्याच दारात आपण उपाशी. पेनड्राइव्ह स्वस्त, पण बहुधा मंद. जुन्या पद्धतीची फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क जागेच्या मानाने स्वस्त पडते. मात्र तबकडी फिरत असताना ती टेबलावरून पडली तर कारभार आटोपण्याचा संभव असतो.

विद्यार्थ्याने माझ्या तळहातावर जी वस्तू ठेवली ती काड्यापेटीहून थोडी मोठी होती. तीत फिरणारे काही नाही, आवाज नाही. आणि जागा १ टेराबाइट! माझ्या लॅपटॉपच्या जवळजवळ चौपट. आमच्या आजोळी भाताची कणगी होती, तिच्यात आम्ही मुले लपत असू. इथे कणगीच खिशात लपत होती.

या चमत्काराचा पूर्वेतिहास मोठा रंजक आहे. १९५६ साली आयबीएम कंपनीने तबकड्यांवर माहिती साठवणारे पहिले यंत्र बाजारात आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन सुमारे एक टन आणि साठा ५० लाख अक्षरांचा. आज माझ्या खिशात मावणाऱ्या पेटीतला ऐवज ठेवायला तसली सुमारे दोन लाख यंत्रे लागली असती! पुढे जपानमध्ये तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरीची कल्पना काढली आणि १९८४ मध्ये ती जगापुढे मांडली. माहिती एका झटक्यात पुसली जाते, ती कॅमेऱ्याच्या लखलखाटासारखी, म्हणून एका सहकाऱ्याने 'फ्लॅश' हे नाव सुचवले, असे सांगतात.

आतली युक्ती अशी. या पेटीत अतिसूक्ष्म कप्पे असतात. विजेच्या दाबाने त्यांत इलेक्ट्रॉन कोंडले जातात आणि भोवती विद्युत्‌रोधक भिंत असल्यामुळे वीज गेली तरी ते आतच राहतात. कोणत्या कप्प्यात किती भार आहे, यावरून यंत्र अक्षर वाचते. पण दर वेळी कोंडताना आणि काढताना ती भिंत किंचित झिजते. म्हणून आतला कारभारी सगळे कप्पे पाळीपाळीने वापरतो. निर्माते १ टेराबाइटच्या पेटीला बहुधा काहीशे टेराबाइट लेखनाची मर्यादा देतात. माझ्यासारख्या माणसाची हयात तिथवर पोचणे कठीण! धोका निराळाच असतो, तो पुढे सांगतो.

घेताना आणि जोडताना

विद्यार्थ्याने चार गोष्टी सांगितल्या, त्या वाचकांच्या उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट दोरीची. लॅपटॉपचे भोक, मधली केबल आणि पेटी या तिघांपैकी जो सर्वांत मंद, त्याच्या चालीने वरात चालते. २००० सालच्या यूएसबी २ जोडणीत सेकंदाला ३५-४० मेगाबाइट मिळाले तरी पुष्कळ. १०० गिगाबाइटांच्या बदलीला पाऊण तास लागतो. फिरती तबकडी तेच काम पंधरा मिनिटांच्या आसपास करते. चांगली एसएसडी आणि वेगवान जोडणी असेल, तर दोन-चार मिनिटांत काम उरकते. मात्र हजारो बारीकसारीक फायली असल्या की हा वेग उतरतो. पोतेभर तांदूळ एकदम उचलता येतो, दाणा दाणा वेचायला वेळ लागतो. गंमत अशी की, फोनच्या चार्जिंगची केबल दिसायला तशीच असते, पण पुष्कळदा ती जुन्या मंद चालीचीच निघते. तेव्हा पेटीबरोबर आलेली केबलच वापरावी.

दुसरी गोष्ट मोजमापाची. १ टेराबाइटची पेटी विंडोजला जोडली की ९३१ गिगाबाइटच दिसतात. दुकानदाराने फसवले असे समजून कोणी भांडायला जाऊ नये. विकणारा हजाराच्या पटीने मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीने. पायलीपायलीतला हा फरक आहे. खरी फसवणूक वेगळी. १६ टेराबाइटची पेटी चार-पाचशे रुपयांना कोणी देऊ लागला, तर ती हमखास खोटी. तिच्यात थोडीशीच जागा असते, पण लॅपटॉपला ती भलताच आकडा सांगते. मग जागा संपली की आधीच्या मालावरच नवा माल लिहिला जातो. घेतल्याबरोबर सगळी जागा भरून आणि वाचून पाहणारी साधने फुकट मिळतात. त्यांनी पारख करून घ्यावी.

तिसरी गोष्ट पेटीच्या आतल्या मांडणीची. फक्त विंडोजवर वापरायची असेल तर एनटीएफएस मांडणी उत्तम. पण अशी पेटी मॅकला वाचता येते, तिच्यावर लिहिता मात्र येत नाही. दोन्हीकडे वापरायची तर एक्सफॅट. फॅट३२ ही जुनी मांडणी ४ गिगाबाइटांहून मोठी फाइल घेत नाही. लग्नाची फिल्म तिथे अडते. मांडणी बदलली की आतले सगळे पुसले जाते, म्हणून हे काम पेटी रिकामी असतानाच करावे.

चौथी गोष्ट, काय हलवावे आणि काय नाही. विंडोज आणि रोजच्या वापरातले प्रोग्राम लॅपटॉपवरच राहू द्यावेत. फोटो, फिल्मा, मुद्रणे, मागल्या वर्षांचे कागद बाहेर न्यावेत. लॅपटॉपमध्ये पाचवा हिस्सा तरी मोकळा असला की यंत्राचा श्वास मोकळा होतो. आणि पेटी काढताना आधी यंत्राला तशी सूचना द्यावी. पंक्तीत जेवण चालू असताना पान ओढू नये.

पैसे देताना विद्यार्थी म्हणाला, "सर, दोन घ्या."

मी हसलो. दुकानदारच तो, दोन घ्या म्हणणारच! एक घेऊन घरी आलो. एका रात्रीत सगळे पेटीत हलवले आणि लॅपटॉपवरून पुसून टाकले. तांबडी पट्टी निळी झाली. इतके स्वच्छ वाटले की, तसे माळा आवरूनही कधी वाटले नव्हते.

चूक

मे २०२४ मध्ये परीक्षेच्या कामासाठी परगावी निघालो. पेटी सदऱ्याच्या खिशात होती. बसमध्ये उकाडा असह्य होता, घाम पुसायला मी कितीदा तरी रुमाल काढला असेन. मुक्कामी पोचून सदरा खुंटीला लावला तेव्हा खिसा हलका लागला. स्टँडवर परत गेलो. गाडी पुढे गेली होती. दोन दिवस चौकशी केली, आगारात खेपा घातल्या. तिथल्या माणसांनी आपुलकीने शोधाशोध केली. पण काड्यापेटीएवढी वस्तू सापडणार कुठे? लहान असणे हा तिचा जो गुण, तोच तिचा दोष ठरला.

घरी आल्यावर सौभाग्यवतीने एकच विचारले, "अहो, आईंच्या ओव्या त्यातच होत्या ना?"

मी उत्तर दिले नाही.

त्या रात्री मला कळले की, मी दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत केली होती. जागा वाढवणे वेगळे आणि प्रत ठेवणे वेगळे. घरातले सगळे धान्य कणगीत ओतून घर रिकामे केले, तर धान्य वाढत नाही, ते फक्त जागा बदलते. आणि कणगी गेली तर सगळेच जाते. विद्यार्थी दोन घ्या म्हणाला तो नफ्यासाठी नव्हे. मी शिक्षक, तो दुकानदार. पण त्या दिवशीचा धडा त्याने दिला होता आणि नापास मी झालो होतो.

लाज वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. गेली अनेक वर्षे मी वर्गात लीळाचरित्र शिकवतो. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली मूळ पोथी खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत हरवली, हे मी दर वर्षी सांगतो. महानुभावांनी ती आठवणींतून पुन्हा उभी केली. हिराइसेला तर ग्रंथ मुखोद्गत होता असे परंपरा सांगते. म्हणूनच आज त्या ग्रंथाचे वेगवेगळे पाठ आढळतात. एक प्रत म्हणजे प्रत नसल्यासारखीच, हे मी इतरांना शिकवत होतो!

संगणकवाल्यांत तीन-दोन-एक असा नियम आहे. महत्त्वाच्या वस्तूच्या तीन प्रती, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर. एसएसडी पडण्याने सहसा मोडत नाही; पण बिघडली की बहुधा अचानक बिघडते आणि आतले परत मिळवणे अवघड असते. वर्षानुवर्षे कपाटात ठेवून विसरण्याजोगीही ती वस्तू नव्हे, कारण कोंडलेले इलेक्ट्रॉन हळूहळू निसटतात. अधूनमधून जोडून पाहावी. आणखी एक. माझ्या पेटीला कुलूप नव्हते. तीत विद्यार्थ्यांच्या गुणांच्या याद्या होत्या. ज्याला ती सापडली असेल त्याने काय पाहिले असेल, या विचाराने कित्येक दिवस झोप नीट लागली नाही. मॅकमध्ये आणि विंडोजच्या प्रो आवृत्तीत परवलीचा शब्द घालून पेटी बंद करण्याची सोय असते. नसेल तिथे व्हेराक्रिप्ट नावाचे साधन फुकट मिळते. परवलीचा शब्द मात्र विसरू नये. त्या कुलपाला दुसरी किल्ली नाही.

जे परत आले

पंधरा दिवसांनी धाकटेपणाचा सगळा धीर गोळा करून ताईला फोन केला. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "अरे, त्यांतल्या काही तू मला पाठवल्या होत्यास. माझ्या जुन्या फोनात असतील बघ."

दुसऱ्याच दिवशी मी तिच्या गावी गेलो. काच तडकलेला तो फोन चार्जिंगला लावून आम्ही दोघे अर्धा तास त्याच्याकडे बघत बसलो. अखेर तो उजळला. त्यात अकरा मुद्रणे निघाली. पहिल्या मुद्रणाच्या आरंभी आई विचारते आहे, "सुरू झालं का रे ते?" आम्ही दोघेही काही वेळ काही बोललो नाही.

त्या अकरा मुद्रणांच्या आज तीन प्रती आहेत. एक नव्या एसएसडीवर, कुलूप लावून, एक फिरत्या तबकडीवर, ताईच्या कपाटात, एक क्लाउडवर. बाकीची एकोणतीस गेली ती गेली. सुटीत आम्ही बहीणभावंडे वही घेऊन बसतो. ताईला शब्द आठवतात, मी लिहून घेतो, मध्येच ती म्हणते, "छे, आई असं नव्हती म्हणत." पाठभेद लिहायला मी समासात जागा सोडली आहे. शब्द पुष्कळसे परत येतील. आवाज येणार नाही.

तेव्हा या दिवाळीत माळा आवराल, लॅपटॉपही आवराल. नवी कणगी अवश्य घ्या. धान्य तीत ओता, उघडून पाहा, दुसऱ्या ठिकाणी ठेवा आणि मगच घरातले पुसा. आणि दुकानदार दोन घ्या म्हणाला, तर हसू नका.