पाण्याचा घोट आणि एक गोळी

दरवर्षी थंडीच्या दिवसांत महाराष्ट्रातून बौद्ध बांधव धम्मयात्रेला निघतात. सारनाथ, बोधगया, कुशीनगर आणि मग सोनौलीची सीमा ओलांडून नेपाळातील लुंबिनी. अशाच एका यात्रेत आम्ही होतो. लुंबिनीत एका रात्री एका बांधवाने आम्हाला बाजूला घेतले. 'वकीलसाहेब, दोन दिवस गोळी चुकली. एका हॉलमध्ये आपण इतकी माणसं. डबी काढली की कुणीतरी विचारणारच, कसली गोळी?' गोळी एचआयव्हीची होती. तीन गोळ्या एकदम घेतल्या तर चालेल का, असे तो विचारत होता.

चालणार नाही. त्याने आपल्या एआरटी केंद्राला फोन केला, तेव्हा तिथूनही हेच सांगितले गेले. बहुतेकांना आज दिवसातून एकच गोळी असते. ती चुकली तर आठवताच घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी, पण दुप्पट कधीही घेऊ नये. एक-दोन गोळ्या चुकल्या म्हणून घाबरून उपचार सोडणे हे तर सर्वांत वाईट. वारंवार खंड पडला की रक्तातील औषध कमी होते, विषाणू वाढतो आणि त्यातून औषधाला दाद न देणारा विषाणू तयार होऊ शकतो. म्हणून परतल्यावर केंद्रात खरे काय घडले ते सांगावे.

निघण्यापूर्वीची तयारीही सोपी आहे. केंद्राला प्रवास सांगून पुरेशा गोळ्या घ्याव्यात. बस अडकली, गाडी चुकली तरी पुरतील असे काही दिवसांचे औषध जास्त ठेवावे. गोळ्या टपावरच्या बॅगेत नव्हे, खांद्यावरच्या पिशवीत असाव्यात. उपचाराच्या कागदांची प्रत सोबत असावी. औषध हरवलेच तर नेपाळातही सरकारी रुग्णालयांत एआरटी केंद्रे आहेत.

पण आमचा बांधव गोळी विसरला नव्हता. गोळी त्याच्या पिशवीत होती, घड्याळ हातात होते. त्याला भीती आमची होती! हे आम्हाला लागले.

भारतात १ एप्रिल २००४ पासून ही औषधे सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागली. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्याने भेदभावाला बंदी केली. न्यायालयाचा आदेश वगळता कुणालाही त्याच्या संमतीविना एचआयव्हीची स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही. वकील म्हणून आम्ही हा कायदा सभांतून सांगतो. परंतु हा कायदा सोनौलीला थांबतो, आणि खरे सांगायचे तर तो आमच्या यात्रेच्या बसमध्येही चढलेला नव्हता.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते माणूस म्हणून सर्वांच्या देखत पाणी पिण्याचा हक्क मिळवण्यासाठी. त्यांच्याच लेकराला आपल्याच माणसांत पाण्याच्या एका घोटाबरोबर गोळी गिळता येऊ नये? विटाळ गेला म्हणता म्हणता तो आपण दुसऱ्या दाराने घरात घेतला काय? एकत्र जेवल्याने, एका हॉलमध्ये झोपल्याने, एका तांब्याचे पाणी प्यायल्याने एचआयव्ही होत नाही. नियमित उपचाराने विषाणू चाचणीत सापडेनासा झाला, तर शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला होत नाही.

यात्रा काढणाऱ्या मंडळांना आमचे सांगणे आहे. रात्रीच्या वंदनेनंतर जाहीर करा, 'ज्यांची औषधे असतील त्यांनी घ्यावीत', आणि पाणी फिरवा. मधुमेहाची, रक्तदाबाची, कसली का असेना. कोणती ते विचारू नका.

त्या रात्री आम्ही आमची रक्तदाबाची गोळी काढली. शेजारी त्याने त्याची काढली. तांब्या एकच होता. जयभीम.