हलणारा दात आणि हिरडीचे दुखणे

पर्वती पायथ्याच्या आमच्या वस्तीत दातांच्या डॉक्टरकडे जायचे ते दात उपटायलाच, अशी रीत. दिवाळीनंतर आईचा खालचा दात हलू लागला. "वय झालं की दात पडायचेच," ती म्हणाली. वय अवघे चव्वेचाळीस. दात किडलेलाही नव्हता. मग तो का हलावा?

दाताला धरून ठेवणारी हिरडी व हाड खचले, की चांगला दातही जातो. मूळ कारण म्हणजे दातांवर रोज साचणारा जंतूंचा चिकट थर. तो राहिला की हिरडी सुजते, घासताना रक्त येते. सुश्रुतसंहितेत 'शीताद' नावाने अशाच रोगाचे वर्णन आहे. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका प्रयोगात १२ निरोगी व्यक्तींनी दात घासणे थांबविले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागल्यावर त्या बऱ्या झाल्या. म्हणजे ही पहिली पायरी परतीची आहे.

पुढची तशी नाही. थराचे टणक किटण बनते. ते ब्रशने निघत नाही. हिरडी दातापासून सुटते, फटीत जंतू खोल उतरतात, हाड झिजते. मधुमेह व तंबाखू यांनी रोग अधिक बळावतो. आई रोज मशेरी लावते. "मशेरीनं हिरड्या आवळतात," असे आमच्याकडे सगळ्याच बायका म्हणतात. पण मशेरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. तिने हिरड्यांना इजा होते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

निदान साधे असते. डॉक्टरांनी मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक, बोथट सळई दात व हिरडी यांच्या फटीत हलकेच घातली. निरोगी फट १ ते ३ मिलिमीटर असते. आईची सहा भरली. रक्त येते का, दात किती हलतो, हेही पाहिले. हाडाची झीज क्ष-किरण चित्रात दिसली. "पण दुखत तर नव्हतं!" आई म्हणाली. हा रोग बहुधा दुखत नाही, म्हणूनच उशीर होतो.

तो दात गेला. बाकीच्यांचे किटण काढून घेतले. मशेरी दोनदाची एकदा झाली आहे. माझा तगादा चालू आहे.

मित्रहो, घासताना रक्त आले तर 'उष्णता झाली' म्हणून घासणे सोडू नका. हळुवार घासत राहा आणि दात हलण्याआधी हिरड्या दाखवून या.